खड्ड्यातून बोलणारा माणूस

माझं तोंड दिसता कामा नये, एवढी एकच अट मी घातली होती. बाकी व्हिडिओत लच्छूने काय वाटेल ते दाखवावं. लच्छूने मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "हरिदासभाऊ, अट कायले घालता जी? तुमचं तोंड पाहाले कोन इंटरनेट उघडून राह्यलं?"

मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्यांनी माणसाचा संकोच जात असता, तर एवढी पुस्तकं वाचून मी केव्हाच सरपंच झालो असतो.

मी कुरखेड्याला एका ग्रंथालयात लिपिक होतो. 'शांतता राखा' ही पाटी माझ्या टेबलाच्या वरच होती आणि बरेच वाचक ती माझी ओळखपाटी समजत. निवृत्त झालो तेव्हा पाटी तिथे राहिली, शांतता माझ्याबरोबर गावी आली. माझी बायको बायनाबाई अजून सांगते की लग्नानंतर कित्येक महिने आपल्या बापाने आपल्याला मुक्याच्या पदरात टाकलं असं तिला वाटत होतं. मग मंडई आली, नाटक झालं, आणि खड्ड्यातून येणारा माझा आवाज ऐकून तिने बापाला माफ केलं.

हे खड्ड्याचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुण्याकडच्या वाचकांचा गैरसमज व्हायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमचे नट पाठांतर करत नाहीत. धानाची कापणी सोडून पाठांतर करायला सवड कुणाला? स्टेजच्या पुढे एक खड्डा खणलेला असतो. त्यात पेटीवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर बसतात. प्रॉम्प्टर पुस्तकातून एकेक वाक्य देतो आणि वर उभा असलेला नट तेच वाक्य मेघगर्जनेसारखं फेकतो. वाक्य आलं की बोलायचं, नाही आलं की डोळे वटारून खड्ड्याकडे बघायचं. गावातलं शेंबडं पोरही या रीतीत वाढलेलं. आमच्या गावचा प्रॉम्प्टर मी. वर्षातून एक रात्र मी राजा असे, दरोडेखोर असे, नवऱ्याने टाकलेली सून असे. ती रात्र सरली की पुढचे बारा महिने 'चहात साखर कमी आहे' एवढंच माझं संभाषण. तेही साखर फारच कमी असली तर.

दोन हजार आठ साली ती रात्रच जाण्याची पाळी आली.

मंडळाचे अध्यक्ष सोमाजी. तळ्यावर मासे धरतात, आणि नाटकात बापाची भूमिका त्यांच्याशिवाय दुसऱ्याने केलेली गावाला चालत नाही. त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "यंदा नाटक नाई. देवानंद नाई, भूपेश नाई, सारे पोट्टे तिकडे चाकनले कंपनीत. फोन केला त म्हनतात सुट्टी नाई भेटत. म्हाताऱ्याइनं काय हिरो बनाव? डीजे आनून टाकू."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण सगळे हलवत असताना आपली एकट्याची स्थिर ठेवणं मला कधी जमलेलं नाही. घरी आलो आणि जेवलो नाही.

बायनाबाई म्हणाली, "असे बसून काऊन राह्यले? तुमी सांगा ना पोट्ट्याइले. तुमचा आवाज आयकतीन त येतीन."

मी फोन केला. कुरखेड्याला जाऊन, एसटीडी बूथमध्ये उभा राहून खरंच केला. देवानंद तिकडून "हॅलो, कोन? हॅलो" करत राहिला आणि मी इकडे योग्य वाक्य शोधत राहिलो. सापडलं तेव्हा फोन तुटला होता. वाक्य चांगलं होतं, पण ते मी एसटीडीवाल्याला ऐकवून काय उपयोग?

त्याच बूथशेजारी लच्छूचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या शूटिंगमध्ये कुरखेडा तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. नवीनच त्याने एक कॉम्प्युटर घेऊन इंटरनेटही सुरू केलं होतं. तो म्हणाला, "चाकनचे पोट्टे दर सुट्टीले कॅफेत जाऊन व्हिडिओ पाहातात. भूपेशनं मलेच सांगतलं. तुमी एक व्हिडिओ बनवा, मी टाकतो. आपलं तळं, आपलं स्टेज, आपली मानसं. पाहून पोट्टे रडले पायजेत."

तेव्हा मी ती अट घातली.

व्हिडिओची बातमी गावात माझ्या आधी पोचली. शेजारच्या इंदिराबाई, म्हणजे देवानंदची आजी, अंगणातूनच म्हणाल्या, "हरिदासभाऊ, व्हिडिओत तोंड नाई दाखवत म्हंते तुमी! मंग धोतर तरी धुतलेलं घाला. पाय दिसले त?" विहारात बसलेल्या एका गृहस्थाने सुचवलं की चेहऱ्याच्या जागी पंचशील ध्वज दाखवावा. दुसऱ्याने विचारलं की तोंड न दाखवता बोलणाऱ्या माणसाला कायद्याने परवानगी लागते का. त्यावर सगळे हसले. मीही हसलो. आपल्यावर येणाऱ्या संकटाला माणूस कसा मनमोकळा हसतो, याचं हे उत्तम उदाहरण.

शूटिंगच्या दिवशी लच्छूने तळ्याच्या बांधावर, म्हणजे आमच्या पाळीवर, कॅमेरा लावला. मी कॅमेऱ्याच्या मागे, एरंडाच्या झुडपात, कागद घेऊन उकिडवा बसलो. समोर सोमाजींनी नुसतं उभं राहायचं, जाळं खांद्यावर टाकून. बोलायचं मी. किती सोपं!

मी कागदावरून वाचलं, "हे आपल्या गावचं तळं."

सोमाजींनी छाती पुढे काढली, उजवा हात आभाळाकडे नेला आणि पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहील अशा आवाजात म्हणाले, "हे आपल्या गावचं तळं!"

"सोमाजीभाऊ, तुम्ही बोलू नका."

"सोमाजीभाऊ, तुम्ही बोलू नका!" सोमाजी कळवळून म्हणाले. या वेळी त्यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि डोळ्यांवर हात धरला. पाळीवर जमलेल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

लच्छूने कॅमेरा थांबवला. सोमाजी शरमले. "का करू गा? आयुष्य गेलं. तुह्या आवाज आला का माह्यं तोंड आपोआप उघडते."

इंदिराबाईंना उभं केलं तर त्या नाटकात कधी नसूनही माझं वाक्य रडून म्हणाल्या. "पाळीवर सुकलेली मासोळी" हे साधं वर्णन त्यांनी असं काही म्हटलं की मासोळीच्या मरणाचं मलाही वाईट वाटलं. शेवटी लच्छूने माणसंच काढून टाकली. नुसतं तळं, नुसतं स्टेज, नुसती म्हैस, आणि वरून माझा आवाज : "गावच्या पोरांनो, गाव तुमची वाट पाहत आहे. मंडईला परत या."

लच्छूच्या हाताला लग्नाचं वळण. त्याने तळ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या आणि म्हैस बदामाच्या आकाराच्या चौकटीत बसवली. मी म्हणालो, "म्हशीला बदाम कशाला?" तो म्हणाला, "सॉफ्टवेअरमंधी आयेच तसं. निंगत नाई."

व्हिडिओ इंटरनेटवर चढायला सकाळपासून बसला होता आणि दुपारी अर्धाही चढला नव्हता. एवढ्यात लच्छूच्या दुकानात आलेल्या कुण्या गिऱ्हाइकाने तो ऐकला. ऐकलं म्हणजे काय ऐकलं, हे आता तुम्हीच बघा. जिल्हा आमचा नक्षलवाद्यांमुळे बदनाम, भोवती जंगल केवढं, आणि त्यात तोंड न दाखवणारा एक माणूस भारदस्त आवाजात गावच्या पोरांना 'परत या, वाट पाहतो' म्हणून बोलावतो आहे. संध्याकाळच्या आत मी पोलीस चौकीत बसलो होतो.

जमादार साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली. मला वाटतं मला पाहून त्यांची थोडी निराशाच झाली.

"आजोबा, तोंड का दाखवत नाही तुम्ही?"

"लाज वाटते."

"कशाची?"

"तोंडाची."

जमादारांनी हे लिहून घेतलं नाही. "आणि ही पोरं कुठं बोलावताय? किती जणं? काय करायला?"

"दरोडा घालायला," मी म्हणालो. घाबरलो की मी फार खरं बोलतो. यंदाच्या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात दरोडा होता. नाटकाचं नाव 'उंबरठा रडला सासरी', गावाने आधीही पाहिलेलं.

जमादार हळूच उठले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. माझ्या पिशवीत नाटकाचं पुस्तक होतं. ते काढताना पिशवीत हात घातला म्हणून दोन शिपाई पुढे धावले, तो अपमान मी इथे सविस्तर सांगत नाही. पुस्तक निघालं. जमादार म्हणाले, "वाचून दाखवा बघू."

मी उभा राहिलो. चष्म्यावर वाफ धरली होती. सवयीने मी जागा शोधली आणि टेबलाच्या आड, जरा खाली वाकून, वाक्य दिलं : "आई, या हातांनी मी चोरी केली, पण या हातांनीच तुला खांदा देईन."

देऊन थांबलो. मग दाराशी उभा असलेला, एवढा वेळ दगडासारखा दिसणारा लटारू हवालदार अचानक एका गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पसरून गरजला, "आई! या हातांनी मी चोरी केली! पण या हातांनीच तुला... खांदा देईन!"

जमादारांच्या हातातलं पेन पडलं.

लटारू उठला, टोपी सारखी केली. "माफ करा साहेब. मी वडशाकडचा, झाडीपट्टीतलाच आवो. प्रामटर वाक्य देऊन चूप बसला त आमच्यानं राहावत नाई."

"म्हणजे काय?"

"म्हंजे दादा खरेच प्रामटर हायेत. याच्यावर कायचा पुरावा पायजे?"

जमादार चांगला माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि मोकळं केलं. फक्त वरिष्ठांनी विचारलं तर कागद हवा म्हणून एक अर्ज लिहून घेतला : 'मी सदर व्हिडिओत माझा चेहरा दाखवणार नाही, याची नोंद घ्यावी.' अर्जाला माझे दोन फोटो जोडायचे होते. ते लच्छूनेच काढले. फोटोत मी रडवेला दिसतो आणि मागे गुलाबाची फुलं आहेत.

चौकीतून परत येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या डोक्यात तो क्वचित पडतो, म्हणून तारखेसकट लक्षात राहायला हवा होता, राहिला नाही. आपण पोरांना विनवतो आहोत ही चूक होती. विनवणीला माणूस 'बघू' म्हणतो. झाडीपट्टीच्या माणसाला वाक्य द्यावं आणि आपण गप्प बसावं. पुढचं त्याच्याच्याने राहवत नाही.

लच्छूला सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही. "व्हिडिओत दिसन काय?"

"रिकामं स्टेज."

"अन्?"

"आणि काही नाही. मी वाक्य देईन आणि थांबेन."

"कोन पाहाते हे? निदान पाकळ्या टाकतो."

मी प्रथमच आयुष्यात कुणाला तरी ठामपणे नाही म्हणालो. पाकळ्या गळाल्या. आम्ही मंडईच्या मैदानात गेलो. लच्छूने स्टेजच्या मातीच्या ओट्यासमोर कॅमेरा मांडला, मी गवत वाढलेल्या खड्ड्यात उतरलो आणि पहिला अंक दिला. एकेक वाक्य, मग नटाला लागेल तेवढी जागा सोडायची. मध्ये कुणाची तरी शेळी स्टेजवर चढली आणि सुनेच्या विलापाच्या वेळी बरोबर मध्यभागी येऊन उभी राहिली. लच्छू म्हणाला, काढून टाकतो. मी म्हणालो, राहू दे, तेवढंच एक पात्र. इंटरनेटवर एका वेळी थोडंच चढत असे, म्हणून तुकडे करून टाकलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. किती जणांनी पाहिलं ते आकड्यात दिसतं, असं लच्छू म्हणाला होता. आकडा दिसत होता खरा, पण तो आम्ही बघायला गेलो की वाढायचा, म्हणजे बघणारे आम्हीच. इंदिराबाईंनी विचारलं, "काय जी, शेळी फेमस झाली म्हंते?" मी ग्रंथालयातल्या पाटीसारखा चेहरा केला. बायनाबाईला म्हणालो, "मूर्खपणा झाला. या वयात मी खड्ड्यात बसून शेळीला वाक्य देत होतो."

ती म्हणाली, "शेळीनं आयकलं ना? पोट्टे शेळीहून बरे आहेत."

आणि एका सोमवारी लच्छू स्वतः मोटारसायकल घेऊन गावात आला. व्हिडिओखाली देवानंदने इंग्रजी अक्षरांत आमची भाषा लिहिली होती. लच्छूने कागदावर उतरवून आणली होती ती अशी : "काका, दुसरा अंक कधी टाकता? कॅफेवाल्यानं आमाले हाकलून देल्लं. म्हंते, रडाचं असन त बाहेर रडा. भूपेश म्हंते सुनेचं काम मीच करतो. जल्दी टाका."

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. पोरं माझी थट्टा करताहेत असा मला दाट संशय आला. पण थट्टेसाठी का होईना, दुसरा अंक मागणारा माणूस प्रॉम्प्टरला रोज भेटत नाही. दुसरा अंक टाकला. मग तिसरा. एका वाक्यानंतर मी मुद्दाम जास्त जागा सोडली, कारण तिथे देवानंद नेहमी उजवीकडे जाऊन परत येतो. खाली उत्तर आलं, "काका, तुमाले माह्यं चालनं आठवते?"

मग एक दिवस 'मंडईले येतो' एवढंच उत्तर आलं. सोमाजींना हे सांगितलं तर ते विश्वास ठेवेनात. "व्हिडिओ पाहून सुट्टी भेटते का?" सुट्टी कशी मिळाली ते मी चौकशी करून लिहीत नाही. चाकणच्या त्या कारखान्यात एकाच आठवड्यात आमच्या गावच्या बऱ्याच आज्या वारल्या, एवढंच माझ्या कानावर आलं. त्यांतल्या एक इंदिराबाई होत्या. मंडईच्या दिवशी सकाळी त्या एसटीस्टँडवर देवानंदला घ्यायला गेल्या आणि त्याच्या कानफटात देऊन मग त्याला पोटाशी धरलं.

डीजे रद्द झाला. सोमाजींनी घाईघाईने दाढी लावली. बांबू उभे राहिले, पडदा आला, आजूबाजूच्या गावांतून छकडे आले. मी धुतलेलं धोतर नेसून, बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो. पेटीवाल्याने सूर धरला. पडदा उघडला. देवानंद दरोडेखोराच्या वेशात पुढे आला. मी घसा साफ केला आणि वाक्य द्यायला तोंड उघडलं.

देवानंद बोलून मोकळा झाला होता.

मी पुढचं वाक्य घेतलं. भूपेशने तेही माझ्या आधीच म्हटलं, पदर सावरत, बरोबर जागा सोडून. मी बोट घाईने पुढच्या ओळीवर नेलं, ती ओळ वरून माझ्या डोक्यावर पडली. पोरांना अख्खं नाटक पाठ होतं! चाकणच्या खोलीत, कॅफेतून मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला माझा आवाज लावून, रोज रात्रपाळीच्या आधी ते म्हणून म्हणून पाठ झालं होतं. झाडीपट्टीत हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. तबलजी माझ्याकडे वळून म्हणाला, "हरिदासभाऊ, आता तुमचं का काम?"

मन फार दुखावलं. एवढ्या मिनतवारीने आणलेल्या पोरांनी मलाच काढून टाकलं होतं. मी पुस्तक मिटलं, बॅटरी विझवली आणि करायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून मान वर केली.

तर वर नाटक चाललं होतं.

इतकी वर्षं माझी नजर पुस्तकावर असे. आवाज ऐकले होते, पाय पाहिले होते. चेहरे कधी पाहिलेच नव्हते. भूपेशचे डोळे सुनेच्या दुःखाने खरेच भरले होते. आमच्या भूपेशचे, जो लहानपणी माझ्या ग्रंथालयातल्या पुस्तकांना मिशा काढत असे! आणि सोमाजी दाराच्या चौकटीशी उभे होते. मुलगा घर सोडून निघालेला, बाप त्याला निरोप देतो तो प्रवेश. हा प्रवेश मी दर खेपेला वाचला होता आणि त्यात काय आहे ते मला आज दिसत होतं. सोमाजींनी चौकटीवर हात टेकला. ते थांबले. मीही श्वास धरून थांबलो. ते थांबूनच राहिले. सोमाजींनी डोळे वटारून खड्ड्याकडे पाहिलं, आणि मी खड्ड्यातून, डोळे पुसत, पुढे काय होतं म्हणून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

सोमाजींकडे इंटरनेट नव्हतं. त्यांना काहीच पाठ नव्हतं.

"जा बाळा, पन दार मी उघडंच ठेवतो!" बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला. बायनाबाई. मंडईच्या आधीच्या महिन्यात मी घरात पुस्तक मोठ्याने वाचत असे आणि ती भाकरी थापत असे, त्याचं हे फळ. "म्हना ना सोमाजीभाऊ! अन् आवो, तुमी, रडता काय? पुस्तक उघडा!"

सोमाजी गरजले, "जा बाळा, पण दार मी उघडंच ठेवतो!" आणि मैदान टाळ्यांनी भरून गेलं. त्या टाळ्यांत सोमाजींच्या किती आणि बायनाबाईच्या किती, यावर गावात अजून वाद आहे.

मी पुस्तक उघडलं. मान मात्र खाली घातली नाही.